जुलाब नव्हते ते

बुधवारी गोव्यातल्या आमच्या डिचोलीचा बाजार असतो. बाजाराला आलेली माणसं मुलांनाही दाखवून जातात, त्यामुळे त्या दिवशी माझ्या दवाखान्यात बसायला जागा नसते. पावसाच्या सुरुवातीला अशाच एका बुधवारी सत्तरी तालुक्यातल्या एका गावातून तीन-साडेतीन वर्षांची मुलगी आली. सोबत आई आणि आजी.

आई बसायच्या आधीच म्हणाली, "डॉक्टर, दोन महिने झाले, हिचे जुलाब थांबत नाहीत. दिवसातून सात-आठ वेळा चड्डी खराब होते. अंगणवाडीत पाठवणं बंद केलंय." जुलाब थांबवणारी औषधं दोन ठिकाणची देऊन झाली होती. पोट बिघडलंय म्हणून भाजी बंद, फळं बंद. उरलं काय, तर दूध, बिस्किटं, पाव आणि थोडी पेज. दूध किती, असं विचारलं, तर "मागेल तेव्हा बाटली देते, लिटरभर तरी होत असेल."

मुलीचं वजन मात्र तक्त्यावर वयाप्रमाणे नीट होतं. दोन महिने रोज सात-आठ जुलाब होणारं मूल असं दिसत नाही. तोंड ओलं, डोळे खोल गेलेले नाहीत. पापण्या आतून फिकट होत्या, तेवढंच खटकलं.

शीबद्दल विचारायला मी कधीच घाई करत नाही. पातळ म्हणजे पाण्यासारखी की चिकट? एका वेळी किती? रक्त, शेम? झोपेत होते का? होताना मुलाला कळतं का? आई म्हणाली, "चमचाभरच असते, चड्डीला लागलेली. तिला कळतसुद्धा नाही." तेवढ्यात आजी पुढे सरकली. "दोतोर, ती दाराआड जाऊन उभी राहते. पाय आवळून, टाचा उचलून, तोंड लालबुंद. बस म्हटलं की रडते. आणि मध्ये एकदा एवढी मोठी झाली की संडास तुंबला." हे आजीला आजवर कुणी विचारलंच नव्हतं.

भिंतीवर शीच्या सात प्रकारांची चित्रं लावलेली आहेत. ब्रिस्टलच्या डॉक्टरांनी १९९७ साली प्रसिद्ध केलेला तो तक्ता. आजीने पहिल्याच चित्रावर बोट ठेवलं. सुट्या, कडक लेंड्या. "आधी हे होतं."

मुलीला टेबलावर झोपवून पोटावर हात ठेवला. डाव्या बाजूला खालून बेंबीपर्यंत कडक गोळा हाताला स्पष्ट लागला.

एकदा कडक शी होताना दुखलं की मूल ती रोखून धरतं. दाराआड टाचा उचलून उभं राहणं म्हणजे कुंथणं नसतं, ते रोखणं असतं. जितकी जास्त वेळ आत राहते तितकं मोठं आतडं तिच्यातलं पाणी शोषून घेतं, आणि ती आणखी कडक होते. गुदाशय ताणला जातो, शीची जाणीव बोथट होते. मग वरून येणारी पातळ शी, गटारात धोंडा अडकला की पाणी कडेने वाट काढतं तशी, गोळ्याच्या बाजूने पाझरत राहते. घरच्यांना ते जुलाब वाटतात. त्यावर आतड्याची हालचाल मंदावणारं औषध दिलं की गोळा वाढतो. दुधाने पोट भरलेलं, चोथा आहारात नाहीच. शिवाय दुधात लोह जवळजवळ नसतं आणि त्यातलं कॅल्शियम इतर अन्नातलं लोहही नीट शोषू देत नाही. हिमोग्लोबिन ८.४ आलं, या वयात ११ तरी हवं.

जन्मल्यावर पहिली काळी शी कधी झाली, हेही विचारलं. ४८ तास उलटून गेले असते, पोट फुगलेलं असतं, वाढ खुंटली असती, तर आतड्याच्या मज्जातंतूंचा जन्मजात दोष शोधायला बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयात, पाठवलं असतं. इथे तसं काही नव्हतं. अशा बहुतेक मुलांत ते नसतंच.

मी औषध लिहायला घेतलं तशी आई थांबली. "डॉक्टर, जुलाब होतायत आणि तुम्ही जुलाबाचंच औषध देता?" तिचा प्रश्न अगदी रास्त होता. म्हणून कागदावर आतड्याचं चित्र काढून सगळं पुन्हा सांगितलं. पॉलिएथिलीन ग्लायकॉलची पावडर पाण्यातून. गोळा निघेपर्यंत जास्त, मग कमी मात्रेत काही महिने. ती फक्त शीमध्ये पाणी धरून ठेवते, सवय लागत नाही. पहिले काही दिवस चड्ड्या अजून खराब होतील, घाबरून औषध बंद करू नका, हे मी दोनदा बजावलं.

दूध दिवसाला चारशे-पाचशे मिली, तेही पेल्यातून. नाचणीचं तिझान (गोडसर पेज), अळसांद्याची (चवळीची) उसळ, पपई, तांबडी भाजी (लाल माठ), भरपूर पाणी. जेवल्यावर आतडं आपोआप ढकलायला लागतं, म्हणून तेव्हाच पाच-दहा मिनिटं बसवायचं, पायाखाली पाट ठेवून. ओरडायचं नाही. लोहाचं औषध दुधासोबत नको.

काही दिवसांनी आईने फोटो पाठवला. शी काळपट लालसर, आणि खाली "रक्त आहे का?" मी फोन केला. काल काय जेवली? तांबडी भाजी. शी डांबरासारखी चिकट नव्हती, पोट दुखत नव्हतं, मुलगी अंगणात खेळत होती. काळेपणा लोहाच्या औषधाचा, लाली भाजीची. दोन दिवस भाजी थांबवून बघा म्हटलं, लाली गेली.

फोटो पाठवा, असं मी सगळ्याच आयांना सांगते. हिरवी, पिवळी, मक्याचे दाणे तसेच पडलेली, यातलं बहुतेक फोनवर निभावतं. तान्ह्या बाळाची शी पांढरी, खडूसारखी दिसली तर मात्र त्याच दिवशी घेऊन या म्हणते. पित्त आतड्यात उतरत नसेल आणि पित्तनलिकाच बंद असेल, तर शस्त्रक्रिया पहिल्या दोन महिन्यांच्या आत झालेली बरी.

चवथीनंतर, म्हणजे गणपतीनंतर, ती तिघं पुन्हा आली. हिमोग्लोबिन १०.६. पोटात गोळा नाही, चड्डी कोरडी, अंगणवाडी पुन्हा सुरू. चवथीचं खतखतं (मिश्र भाज्यांचं) तिने मागून घेतलं, असं आजीने सांगितलं, आणि लगेच विचारलं, "मग आता औषध बंद करूया?" मी नाही म्हटलं. ताणलेला गुदाशय पूर्ववत व्हायला महिने लागतात. मऊ शी रोज होत राहिली तर पुढच्या तपासणीला मात्रा थोडी उतरवायची, एकदम तोडायची नाही.