पांढऱ्या वायरची जोडी

पुण्यात ई-सायकली दुरुस्त करतो, त्याला आता काही वर्षं झाली. परवा एक काका नातवाला आणि त्याची सायकल घेऊन आले. तक्रार एकच, "ब्रेक पॅड महिन्याभरात संपतात. मालच बोगस बसवतोयस का रे?"

जुने पॅड काढून पाहिले. पार पत्र्यापर्यंत घासलेले, डिस्क तापून निळसर पडलेली. ताशी पंचवीस किलोमीटरच्या वेगाला अशी पडत नाही. सायकल स्टँडवर घेतली, थ्रॉटल पिळला. मीटर ४६! चाक हवेत असताना जरा जास्तच दाखवतं, पण इतकं नाही. मग सीट काढून कंट्रोलर, म्हणजे मोटरला करंट सोडणारा डबा, उघडा केला. पांढऱ्या वायरची ती जोडी, स्पीड लिमिटची, सुटी लोंबत होती. जोडली, पुन्हा पिळला. २७.

काका म्हणाले, "दुकानदाराने आधीच 'मोकळी' करून दिली. लायसन लागत नाही म्हणाला."

लायसन लागत नाही हे खरं, पण कधी? मोटर २५० वॉटच्या आत, वेग पंचवीसच्या आत, बॅटरी सोडून वजन ६० किलोपर्यंत आणि वाहनं तपासणाऱ्या एआरएआयसारख्या संस्थेकडून पास झालेलं मॉडेल. पॅडल मारल्यावरच मोटर साथ देते त्या सायकलीतही पंचवीसला मोटर बंद व्हायलाच हवी. यातलं एक जरी सुटलं तरी कायद्याच्या लेखी ते मोटार वाहन. मग पासिंग, नंबर प्लेट, विमा, लायसन, सगळं आलं.

काकांनी मोटरवरचा २५० वॉटचा स्टिकर दाखवला. स्टिकर काय, पाच रुपयांत छापून मिळतो. कंट्रोलर होता २५ अँपिअरचा, बॅटरी ४८ व्होल्टची, गुणाकार करा, १२०० वॉट. घटकाभर जास्त ओढली तर हरकत नसते, नियमात सलग ३० मिनिटं झेपणारी ताकद धरतात. पण हे धूड २५०चं नव्हतं, हे चाकातलं मोटरचं हब हातात घेतल्यावरच कळत होतं.

"नातू कितवीत?"

"दहावीत. पंधरा पूर्ण."

अल्पवयीन मुलाच्या हाती मोटार वाहन दिलं तर पालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद, हे सांगितल्यावर काका स्टुलावर बसले. चहा मागवला.

"मोटरचं काय ते मुलाशी बोलून ठरवतो. तू आधी वेग तरी बांध."

नातू मात्र माझ्या खांद्यावरून वाकून पाहत होता. "दादा, म्हणजे हीच वायर का?"

नुसता कप्लर जोडून देणार होतो. मग सोल्डरिंग गन काढली, वर स्लीव्ह चढवली आणि कंट्रोलरचं झाकण रिव्हेट मारून बंद केलं. पॅडचे पैसे घेतले, रिव्हेटचे नाही.