१२८ चे पैसे, ११२ ची रॅम

अक्कलकोट रोड एमआयडीसीतला टॉवेलचा कारखाना. तक्रार अशी की दुपार झाली की सर्व्हर रांगायला लागतो, बिल निघायला वेळ लागतो आणि मधूनच मशीन आपोआप रीस्टार्ट होते. ऑफिसातल्या सगळ्यांनी मिळून दोष लाईटवर ढकलला होता. यूपीएस असताना लाईट मधे कुठून आली, हे कुणी विचारलं नव्हतं. मालकांचं निदान वेगळं होतं: रॅम कमी पडतेय, ६४ जीबीची १२८ करून टाका.

रॅम त्यांनीच मागवून ठेवली होती. लेबल वाचलं तर शेवटी 'ई'. या मशीनला 'आर' लागते, म्हणजे रजिस्टर्ड, स्टिकवर सिग्नल सांभाळणारी जादा चिप असलेली. 'ई'मध्ये ती चिप नसते. डीडीआर४ या पिढीच्या रॅममध्ये दोन्हींची खाच एकाच जागी असते, त्यामुळे चुकीची स्टिकसुद्धा सुखाने बसते, फक्त मशीन उठत नाही. पुढच्या डीडीआर५ मध्ये खाचच वेगळी केली, ते बरं झालं. आमच्याकडचे निम्मे दुकानदार 'सर्व्हरची आहे' एवढ्यावर माल देतात. लेबलवरचं ते एक अक्षर वाचायचे कष्ट कुणी घेत नाही. बदलून आणायला सांगितलं आणि सुट्टीच्या दिवशी, माग बंद असताना, काम धरलं.

मे महिना. सोलापूरची त्या दिवसांतली कोरडी हवा रॅमला वाईट. अंगावर साठलेला स्टॅटिक आपल्याला जाणवतही नाही, चिपला मात्र पुरतो. म्हणून मी मनगटाचा पट्टा मशीनच्या पत्र्याला अडकवल्याशिवाय स्टिकला हात लावत नाही. पोरं हसतात. हसू देत.

रॅकचं तोंड भिंतीकडे होतं. फिरवलं तर समोर पिवळा दिवा चमकतोय. किती महिने चमकत होता, देव जाणे. लॉग, म्हणजे मशीनने स्वतः ठेवलेली नोंद, उघडला: ए२ स्लॉट (रॅम बसवायची खोबण), मशीनला स्वतः दुरुस्त करता येणाऱ्या चुका मर्यादेबाहेर. ओळीमागून ओळ, जवळजवळ सगळ्या दुपारच्या. मधे थोड्या दुरुस्त न होणाऱ्याही होत्या, आणि त्यांच्या वेळा रीस्टार्टच्या वेळांशी तंतोतंत जुळत होत्या. 'लाईट' सापडली.

झाकण काढलं तर आत टॉवेलची पिंज, पंख्याच्या पात्यांवर पार नमद्यासारखी बसलेली. आणि प्रोसेसर-रॅमवरून वारा नेणारं प्लास्टिकचं आवरण जागेवर नाही! ते कपाटावर होतं, वर चलनांचा गठ्ठा. आधीच्या कुणा कारागिराने काढलं, परत बसवायचा कंटाळा केला. पंखे फिरतायत, आवाज येतोय, म्हणजे गार होतंय, असा समज. आवरण नसलं की वारा वरच्या मोकळ्या जागेतून निघून जातो आणि रॅम भाजत राहते. रॅममधला बिट म्हणजे इवलासा विद्युतभार. तो गळतो, म्हणून साधारण ६४ मिलिसेकंदांत एकदा पुन्हा भरावा लागतो. चिप ८५ अंशांच्या वर गेली की त्याच्या निम्म्या वेळात. उष्णता वाढली की कमकुवत बिट आधी दगा देतात.

पिंज काढली, आवरण बसवलं. नवीन स्टिका लगेच घातल्या नाहीत. ए२ आणि बी२ मधल्या स्टिकांची अदलाबदल केली, लॉग पुसला आणि मेमरी टेस्ट लावून दिली. चूक ए२ वरच राहिली तर दोष स्लॉटचा किंवा बोर्डाचा. बी२ वर गेली तर स्टिकचा. गेली बी२ वर. पण आता चुका तुरळक होत्या.

ती स्टिक काढली, चार नवीन घातल्या. जुनी काय, नवीन काय, प्रत्येक स्टिक १६ जीबीची. मशीनमध्ये प्रोसेसर दोन, प्रत्येकाला चार चॅनल, म्हणजे रॅमकडे जाणाऱ्या वाटा, आधी दोनच भरलेले. आता एका बाजूला चार, दुसऱ्या बाजूला तीन. स्लॉटच्या टोकांच्या दोन्ही कड्या आपोआप मिटेपर्यंत स्टिक दाबायची, कड्या हाताने मिटवायच्या नाहीत. पहिल्या वेळी मशीन बराच वेळ काळा पडदा दाखवते, रॅमची ओळख करून घेत असते. मालक मागे येऊन उभे. आकडा आला: ११२.

"१२८ चे पैसे दिलेत की ओ."

"मालक, एक जुनी खराब आहे. काढलीय."

"खराब कशी? चूक मशीन दुरुस्त करते म्हणालात ना तुम्हीच? मग चालतीय की."

प्रश्न बिनतोड. मी म्हणालो, ६४ बिट माहितीसोबत ८ बिट तपासणीचे असतात, त्यातून एक चुकलेला बिट ओळखून सुधारता येतो. ही युक्ती १९५० साली हॅमिंग नावाच्या गणितज्ञाने छापली, आजची त्यावरच उभी आहे. पण एकाच वेळी दोन बिट चुकले तर मशीन नुसतं ओळखतं आणि थांबतं. शिवाय प्रत्येक दुरुस्तीची नोंद ठेवण्यात प्रोसेसर हातचं काम सोडतो, म्हणून रांगणं.

"मग आतापर्यंतची बिलं चुकली का?"

"नाही. चुकीचं लिहिण्यापेक्षा बंद पडलं."

"आणि प्लास्टिक बसवल्यावर चुका कमी झाल्या म्हणता. मग आता तीही नीट चालंल की."

इथे मी अडकलो, आणि अजून अडकलेलोच आहे. स्टिक मुळातच कच्ची होती, की आवरणाविना भाजून कच्ची झाली? गार राहिली असती तर आणखी काही वर्षं निघाली असती का? एका सुट्टीच्या टेस्टवरून हे सांगता येत नाही. तेव्हा माग बंद होते, शेड गार होती; कामाच्या दिवशीची मे महिन्यातली दुपार मी तपासलीच कुठे? मी एवढंच म्हणालो की माझ्या हाताने ती परत बसणार नाही. स्टिकवर मार्करने लाल फुली मारून दिली, नाहीतर हा माल फिरून सेकंडहँड बाजारात येतो आणि दुसऱ्या कुणाच्या तरी मशीनला बसतो. मालकांनी ती ड्रॉवरमध्ये टाकली.

परवा अकाउंटंट काकांचा फोन आला होता, जीएसटीच्या प्रिंटरसाठी. सर्व्हर कसा आहे विचारलं. "एकदम पळतोय. मालक म्हणतात, एकीसाठी कशाला खर्च, दिवाळीनंतर बघू." रॅकचं तोंड कुठे आहे विचारलं, तर म्हणाले, "भिंतीकडेच. इकडं फिरवलं की दार उघडत नाही."