तुम्ही विचारलंत म्हणून: तारा जन्मतोय की फुटतोय?

थंडीत नाशिकजवळच्या गंगापूर धरणाकडे दुर्बीण घेऊन गेलो की सोबत एक फोटो असतो. जेम्स वेब दुर्बिणीने टिपलेला, २०२३ सालचा. ययाति नक्षत्रात हजारेक प्रकाशवर्षांवर एक कोवळा तारा आहे. तो स्वतः धुळीआड, पण दोन्ही अंगांनी लांबच लांब फवारे. कोणी ना कोणी विचारतंच, "काका, हा जन्मतोय की फुटतोय?"

जन्मतोय. अजून सूर्याच्या जेमतेम ८ टक्के वस्तुमानाचा आहे. मग फेकाफेक कशाला? कारण त्याच्याकडे ओढला जाणारा वायू गिरक्या घेत येतो. फुगडीत जवळ सरकलं की गरगर वाढते, तसंच. ही गिरकी कोणी काढून घेतली नाही, तर वायू भोवतीच्या चकतीत नुसता फिरत राहील, ताऱ्यावर पडणारच नाही. म्हणून थोडा वायू चुंबकीय बळरेषांच्या जोरावर चकतीच्या वर-खाली, सेकंदाला शंभर-दोनशे किलोमीटरने सुटतो आणि जाताना गिरकी घेऊन जातो.

दुसरा गैरसमज आगीचा. तिथे काही पेटलेलं नसतं. पावसाळ्यात धरणातून विसर्ग टप्प्याटप्प्याने वाढवतात आणि आपण गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठवर लागलं ते बघत बसतो. आधीचं पाणी संथ चाललंय आणि मागून लोंढा आला, तर गाठेल तिथे उसळेल. ताऱ्यावरही वायू एकसारखा पडत नाही, त्यामुळे फवारा झटक्यांनी सुटतो. मागचा वेगवान वायू पुढच्यावर आदळतो, हजारो अंश तापतो आणि त्यातला हायड्रोजन, ऑक्सिजन, गंधक चमकू लागतो. फोटोतल्या गाठी म्हणजे हे धक्के. टोकाशी कमान दिसते, मारुतीवर आपटून पाणी दोन्हीकडे फाकतं तशी. फक्त इथे मारुतीच धावत सुटलाय!

जॉर्ज हर्बिग आणि गियेर्मो हारो या खगोलशास्त्रज्ञांनी १९५० च्या सुमारास मृगातले अशा गाठींचे ठिपके आपापले अभ्यासले, तेव्हा हेच नवे तारे असतील असंही वाटलं होतं. पुढे हबल या अवकाश दुर्बिणीच्या, काही वर्षांच्या अंतराने घेतलेल्या फोटोंत गाठी सरकलेल्या चक्क दिसल्या. सूर्यमालेबाहेरच्या आकाशात इतक्या लवकर काही हललेलं दिसणं दुर्मीळच.

मृगाच्या बाणाखाली त्या पहिल्या दोन ठिपक्यांची जागा मी दाखवतो. माझ्या दुर्बिणीतून तिथे काहीच दिसत नाही. तरी लोक बराच वेळ डोळा लावून उभे राहतात.