अर्ध्या शेडला बूस्टर, अर्ध्याला नुसतं खाद्य : माझा अनुभव

आमचं निफाडकडचं ब्रॉयलर फार्म ओपन आहे, कंपनीचं नाही. त्यामुळे औषधाचा सगळा खर्च आमच्याच अंगावर. २०१९ साली पोल्ट्रीत कोलिस्टिन या अँटिबायोटिकवर बंदी आली आणि हगवण दिसली की तेच आणायचं, ही सवय सुटली. त्या जागी दुकानात ‘इम्युनिटी बूस्टर’च्या बाटल्या आल्या. यंदा ठरवलं, पाजायचंच तर अर्ध्या शेडला पाजू आणि फरक बघू. ओळखीतला एक पोरगा पशुवैद्यकीयचं पदव्युत्तर शिक्षण घेतोय. कोंबडीच्या आतड्यातल्या जिवाणूंवर काम करायला त्याला फार्म हवंच होतं.

त्यानं आधी लेबलं वाचायला लावली. एकीत जिवंत लॅक्टोबॅसिलस, दुसरीत यीस्टच्या पेशीभित्तिकेतलं बीटा ग्लुकन, तिसरीत नुसतं व्हिटॅमिन ई आणि सेलेनियम. विकताना तिन्ही बूस्टरच! जिवंत जिवाणू क्लोरीनच्या पाण्यात मरतात, अँटिबायोटिकचा कोर्स चालू असेल तरी मरतात. म्हणून खाद्यात मिसळता येणारी यीस्टची पावडर घेतली.

शेडच्या मधोमध जाळी ताणली. खाली अंथरायच्या गादीला इगतपुरीकडचं भाताचं तूस, दोन्हीकडे एकाच गाडीतलं. खाद्य तेच, राणीखेतवरची लासोटा आणि गंबोरो रोगाची लस दोन्हीकडे एकाच दिवशी, क्लोरीन बंद करून दूध पावडर घातलेल्या पाण्यातून. खरी कटकट चपलांची. विष्ठेतून जिवाणू पायाला लागून पलीकडे जातात, म्हणून दोन्ही बाजूंना वेगळे जोड ठेवले. वडील रोज विसरायचे आणि मी रोज ओरडायचो.

पहिल्या आठवड्याला पोरगा फार जपत होता. मशिनमधून निघालेल्या पिल्लाला आईच्या विष्ठेतले जिवाणू मिळतच नाहीत, आतडं जवळजवळ कोरं असतं. १९७३ साली फिनलंडमध्ये नुर्मी आणि रांताला यांनी मोठ्या कोंबडीच्या आतड्यातले जिवाणू पिल्लांना पाजून साल्मोनेला हा रोगकारक जिवाणू रोखता येतो हे दाखवलं होतं. चांगले जिवाणू आधी बसले की वाईटांना जागा उरत नाही.

पाचव्या आठवड्यात दोन्हीकडच्या काही कोंबड्या कापल्या. लहान आतडं संपून मोठं सुरू होतं तिथे बोटाएवढ्या दोन बंद पिशव्या असतात, सीकम. आत चॉकलेटी, फेसाळ लगदा, आणि वास असा की दुपारचं जेवण गेलं नाही. इथेच तंतुमय खाद्य कुजवून जिवाणू ब्युटिरेट नावाचं आम्ल बनवतात आणि आतड्याच्या अस्तराला तेच पोसतं. नमुने कुप्यांत भरून बर्फात ठेवले, डीएनए तपासायला पाठवले.

रिपोर्ट यायला खूप वेळ लागला, तोवर माल विकलाही गेला होता. आला तो रंगीत पट्ट्यांचा तक्ता. बूस्टरच्या बाजूला ब्युटिरेट बनवणारा फिकॅलीबॅक्टेरियम थोडा जास्त दिसला. पण एकाच बाजूच्या दोन कोंबड्यांत जेवढा फरक होता, तेवढा दोन बाजूंत नव्हता. पोरगा म्हणाला, “काका, एका बॅचवर काही छापता येत नाही.”

वजनात म्हणावा असा फरक पडला नाही. मला त्याचं नवल वाटलं, त्याला नाही. बीटा ग्लुकन प्रतिकारशक्तीच्या पेशींना जागं ठेवतं, आणि त्या जाग्या ठेवायलाही खाद्यच खर्च होतं. मांसाकडे जाणारा दाणा तिकडे वळतो. आजार नसलेल्या शेडमध्ये फायदा दिसेलच असं नाही. पाणी प्यायच्या निपलखालची गादी मात्र बूस्टरच्या बाजूला कोरडी राहिली, अमोनियाचा वासही कमी. याचं श्रेय पावडरीला द्यायचं की त्या बाजूला येणाऱ्या उन्हाला, यावर आमचा वाद अजून चालूच आहे.

पुढच्या बॅचला पावडर देणार, पण फक्त सुरुवातीच्या दिवसांत आणि लसीच्या आसपास. शेवटच्या आठवड्यांत त्यावर पैसे घालवणार नाही. उन्हाची शंका काढायला या वेळी बाजू बदलायच्या आहेत.