लिंबाची पिवळी पानं आणि माझा डीएपी

आमच्या इंदौरच्या गच्चीवरचं लिंबू एप्रिलपासून पिवळं पडायला लागलं आणि घरात जितकी माणसं तितके वैद्य झाले. सासूबाई म्हणाल्या, "अगं नजर लागलीय, परवा शेजारच्या काकू किती वेळ बघत उभ्या होत्या." नवरा म्हणाला पाणी वाढव. नर्सरीवाल्या भैयांनी तर फोटो न बघताच "भूखा है दीदी, खाद डालो" म्हणून डीएपी या रासायनिक खताची पुडी हातात ठेवली. मी पण टाकली, चांगली मूठभर टाकली, खोटं कशाला बोलू.

दोन आठवड्यांत पानांच्या कडा करपल्या आणि नवीन पालवी आणखीच फिक्की, जवळजवळ पांढरट.

मग रात्री मोबाईल घेऊन बसले. गंमत म्हणजे पानांचे रंग बघून रोग ओळखायचे सगळ्यात स्वच्छ फोटो निघाले ते अमेरिकेतल्या गांजा लावणाऱ्यांचे! आपल्याकडे तिकडे वळायचं कामच नाही, १९८५ च्या एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याने परवानगीशिवाय ते झाड लावणं गुन्हा आहे, पण त्या लोकांनी एकेका पानाचं जे निरीक्षण केलंय ना, ते लिंबालाही लागू पडतं. ते आधी विचारतात की पिवळं कुठून सुरू झालं, खालच्या जुन्या पानांपासून का शेंड्याच्या नव्या पानांपासून. कारण नायट्रोजन कमी पडलं की झाड जुन्या पानांतून ते ओढून नव्यांना देतं, म्हणून खालची पानं सबंध पिवळी पडतात. मॅग्नेशियमचंही तसंच, फक्त तिथे शिरा हिरव्या राहतात आणि मधलं पिवळं पडतं. लोह मात्र झाडाला एकदा लावलं तिथून हलवता येत नाही, त्यामुळे कमी पडलं की मार नव्या पानांना.

माझं लिंबू शेंड्यापासून पिवळं, हिरव्या शिरांची अगदी जाळी. म्हणजे भूक नव्हतीच, लोह मिळत नव्हतं, आणि मी वरून फॉस्फरसवालं डीएपी घालून उरलंसुरलं पण अडकवून ठेवलं. शाब्बास.

पण कुंडीत लोह कमी कसं? आपली माळव्याची काळी माती, लोह असतं तिच्यात. तेव्हा लक्षात आलं की मोगरा त्याच मातीत आहे आणि मस्त हिरवागार आहे! फरक इतकाच की मोगरा नळाशेजारी म्हणून त्याला नर्मदेचं पाणी मिळतं आणि लिंबाला बोरिंगचा पाइप. बोरिंगचं पाणी किती जड आहे हे आमच्या गीझरला विचारा. कुंडीच्या काठावर पांढरी पापडी जमली होती, मी ती इतके महिने धूळ समजत होते. चमचाभर माती वाटीत घेऊन व्हिनेगर टाकलं तर फसफसली, म्हणजे चुना. माती अशी अल्कलाइन झाली की लोह असूनही विरघळत नाही, मुळांना ते मिळतच नाही.

मग डीएपी बंद. वरची दोन-तीन इंच माती काढून कंपोस्ट घातलं, पाणी नर्मदेचं नाहीतर पावसाचं. हिराकस (लोहाचा साधा क्षार, फेरस सल्फेट) घालणार होते पण अशा मातीत तेही पटकन अडकतं, म्हणून चिलेटेड लोह आणलं, म्हणजे लोह मातीत अडकू नये म्हणून दुसऱ्या रसायनात गुंफलेलं, त्यातलंही ईडीडीएचए नावाच्या रसायनातलं, कारण साधं ईडीटीएवालं अल्कलाइन मातीत टिकत नाही. दुकानदार ईडीटीएच देत होता, दोनदा परत केलं.

कंपोस्ट घरचंच, ओल्या कचऱ्याचं. हे जगभर 'इंदौर पद्धत' म्हणून माहीत आहे, १९२० च्या दशकात इंग्रज शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड आणि आपले यशवंत वाड यांनी इथेच बसवलं, आणि मी इंदौरची सून असून पुडी आणायला नर्सरीत गेले.

जुनी पिवळी पानं काही हिरवी झाली नाहीत, ती गळाली. पण तीन आठवड्यांनी जी पालवी फुटली ती अशी गडद की मी सगळ्यांना वर बोलावून दाखवली. सासूबाईंनी समाधानाने मान हलवली आणि खोडाकडे बोट केलं. तिथे त्यांनी कधीतरी गुपचूप लिंबू-मिरची बांधून ठेवली होती. लिंबाच्या झाडाला लिंबू, तेही बाजारातून विकत आणलेलं.