आमची वाटचाल : दहा बाय बाराचं सायकलचं दुकान आणि एक तुटलेला हँगर

अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, दुकान काढलं तेव्हा बहात्तरच्या दुष्काळाला दोन वर्षं झाली होती. तासावर द्यायच्या अकरा सायकली, एक पंप, पंक्चर बघायचं घमेलं आणि छर्ऱ्यांचा डबा एवढं भांडवल. साताऱ्यात राजवाड्याच्या मागची ही दहा बाय बाराची जागा तेव्हाही भाड्याची होती, आजही आहे. मधली तीस-पस्तीस वर्षं दोन वेळचं जेवण आणि दोन मुलांचं शिक्षण देऊन गेली. त्या वर्षांबद्दल माझी तक्रार नाही.

२०१२ साली सातारा हिल हाफ मॅरेथॉन सुरू झाली आणि गावाची पहाट बदलली. डॉक्टर, मास्तर, बँकेतली, पोलिसातली माणसं साडेपाचला यवतेश्वरच्या घाटात दिसू लागली. धावून गुडघे बोलायला लागले की माणूस सायकलकडे वळतो. सायकल जमली की पोहणं आठवतं, आणि मग कुणीतरी ट्रायथलॉनचं नाव काढतं. हाफ म्हणजे १.९ किलोमीटर पोहणं, ९० सायकल, २१.१ धावणं. फुल म्हणजे याच्या दुप्पट : ३.८, १८० आणि ४२.२, बहुतेक ठिकाणी १६-१७ तासांच्या आत. त्यातला निम्मा वेळ माणूस सायकलवर असतो. तरी लोक बुटांवर महिनाभर चर्चा करतात आणि चेन झिजून किती लांबली आहे ते एकदाही मोजत नाहीत.

पहिली रोड बाइक, म्हणजे पातळ टायरची वेगाची सायकल, आमच्याकडे आणली ती एका हायस्कूलच्या मॅडमनी. वय तेव्हा चाळिशीच्या पुढं. दुसऱ्या शहरातून सेकंडहँड घेतलेली, पुढच्या चाकाला हाताच्या बोटाएवढा आउट, म्हणजे चाक फिरताना तेवढं डगमगायचं. अण्णा बसून होते. त्यांनी सायकलचा जुना चिमटा उलटा वेल्ड करून केलेल्या स्टँडवर चाक चढवलं, खडू धरला आणि एकेक स्पोक बोटानं छेडत गेले. ताणलेला स्पोक वेगळा बोलतो, ढिला वेगळा. स्पोक आवळायची निपल पाव फेरा इकडं, पाव फेरा तिकडं. पाऊण तासानं खडू रिमला कुठंच लागेना. मॅडम उभ्या राहून बघत होत्या. त्या दिवसापासून आजपर्यंत त्यांची सायकल दुसऱ्या कुणाच्या हाताला लागलेली नाही. तो स्टँड मी बदललेला नाही. विकतचा आहे, तो कोपऱ्यात असतो.

मॅडममुळं आणखी आले, आणि मी शिकत गेलो. कार्बनच्या हँडलला पाना अंदाजानं आवळून चालत नाही, म्हणून जोर मोजून आवळणारा टॉर्क रेंच घेतला. हँडल धरणाऱ्या स्टेमवर ५ न्यूटन मीटर छापलेलं असेल तर पाचच. चेन मोजायची पट्टी घेतली. सगळ्यात महाग पडला तो हँगर सरळ करायचा गेज. गिअर बदलणारा मागचा डिरेलर ज्याला लटकतो, तो फ्रेमवरचा छोटा तुकडा म्हणजे हँगर. लांब दांडी, हँगरच्या आट्यात बसवायची, फिरवून रिमपासूनचं अंतर चारी बाजूंनी सारखं करायचं. सातारच्या दुकानात तेव्हा हे कशाला, असं लोक म्हणायचे. हँगरवरूनच पुढं माझं दुकान बुडायची वेळ आली, म्हणून हे लांबवतोय.

ऑक्टोबर २०१९ मध्ये गोव्यात मिरामारला पहिली ७०.३, म्हणजे हाफ ट्रायथलॉन, झाली. आमच्याकडचे सहा जण जाणार होते. त्याच वर्षी हायवेवर एक मोठं शोरूम उघडलं होतं. काचेची भिंत, एसी, कॉफी. त्यांनी ग्रुपला सर्व्हिस फुकट दिली आणि गोव्याला सायकली न्यायला टेम्पोही. मी तोवर कर्ज काढून माल भरला होता. तरी सहाही सायकली मी तपासून दिल्या आणि सांगितलं : उभ्या न्या, आडव्या रचू नका. मागचा डिरेलर काढून फोममध्ये गुंडाळून आत बांधा. टेम्पोत त्या आडव्या रचल्या गेल्या, एकीवर एक.

रेसच्या दिवशी आमच्यातल्या एकानं पहिल्याच चढाला चेन मागच्या सगळ्यात मोठ्या स्प्रॉकेटवर, म्हणजे चढाच्या शेवटच्या गिअरवर टाकली. डिरेलर स्पोकमध्ये गेला, हँगर तुटला. वर्षभराची तयारी रस्त्याच्या कडेला बसली. दुपारी ग्रुपवर फोटो आला आणि खाली शोरूमवाल्याचा मेसेज : पंक्चरवाल्याकडं कार्बन बाइक दिली की असंच होणार.

हँगर मऊ अॅल्युमिनियमचा करतात तो मुद्दाम. धक्का बसला तर तो वाकावा आणि फ्रेम वाचावी. नुसता वाकला तर घरी कळतही नाही. मधल्या गिअरला सायकल बरी चालते, शेवटच्या गिअरला घात होतो. फोटो मोठा करून बघितला. डिरेलरच्या बाहेरच्या अंगाला निळ्या रंगाचा ओरखडा होता. सहांतल्या एकाच सायकलला निळी पेडल होती, आणि ती टेम्पोत हिच्यावर होती. हे मी लिहिलं. कुणी उत्तर दिलं नाही. ज्यांचे आउट अण्णांनी मजुरी न घेता काढले होते, त्यांनीही नाही.

दिवाळीपर्यंत गिऱ्हाईक निम्म्याहून कमी झालं. अण्णा त्या थंडीत गेले. शेवटपर्यंत विचारत होते, हँगर आपण बघितला होता ना रे? बघितला होता, अण्णा. चारी बाजूंनी. कर्जाचे हप्ते थांबेनात तेव्हा मी एमआयडीसीत रात्रपाळी धरली. दिवसा हिनं दुकान सांभाळलं. पंक्चर ती माझ्यापेक्षा नीट काढते, पॅच लावण्याआधी सोल्युशन सुकू देते. पुरुषांना तेवढा धीर नसतो.

त्या दिवसांत मॅडम दर शनिवारी यायच्या. काम नसलं तरी यायच्या. गोव्याला त्या बघायला गेल्या होत्या. परत आल्या तेव्हा कुंकवाच्या डबीतून तुटलेल्या हँगरचे दोन तुकडे आणले होते, रस्त्यावरून उचललेले. ‘दादा, हे तुमच्याकडं असू द्या.’ तुकड्याची मोड बघा, ती आधी आतल्या बाजूला वाकून मग तुटलेली आहे. डबी गल्ल्याशेजारी आहे. येणाऱ्याला दाखवतो.

२०२०च्या लॉकडाउननं रेस बंद केल्या, पण माळ्यावरच्या सायकली खाली आणल्या. जिम बंद होत्या, रस्ते मोकळे होते. त्या पावसाळ्यात आम्ही मान वर केली नाही. एमआयडीसी सोडली. हप्ते फिटले.

मॅडमनी फुल करायचं ठरवलं तेव्हा त्यांचं वय पन्नाशीला टेकलं होतं. रविवारी पहाटे सातारा ते कराड जाऊन-येऊन, म्हणजे शंभराच्या वर, आणि पाय शिल्लक असतील तर वरून कोरेगाव. मधल्या वारी यवतेश्वर. पोहायला तलाव, नंतर सोबत माणसं आणि कमरेला फुगा बांधून कण्हेरच्या पाण्यात. घाटासाठी मी मागं ११ ते ३२ दात्यांची चक्रं बसवली, पुढं ५० आणि ३४ची. टायर २५ मिलिमीटरचे काढून २८चे. कारण आपले रस्ते. हायवेच्या कडेला ट्रकच्या फुटलेल्या टायरमधल्या तारा पडलेल्या असतात, केसाएवढ्या. गाळप सुरू झालं की ऊसगाड्यांमागं चिपाडं आणि माती. पंक्चर काढलं तरी टायर आतून बोटानं चाचपल्याशिवाय नवी ट्यूब घालू नका. तार आत राहते आणि दोन किलोमीटरवर परत हवा जाते. आतून हात फिरवताना फडकं वापरा, बोट कापतं.

आणि स्वतः शिका. ट्रायथलॉनमध्ये बाहेरच्या माणसाची मदत घेतली तर बाद करू शकतात. मॅडमना मी दुकानात डोळे मिटून मागचं चाक काढायला-घालायला लावलं, तेरा वेळा. रेसच्या आदल्या दिवशी सायकल ट्रान्झिशनमध्ये, म्हणजे पोहून आल्यावर जिथून ती घ्यायची तिथं, उन्हात ठेवावी लागते, तेव्हा हवा पूर्ण ठेवू नका. सकाळी भरा. नवं एनर्जी जेल, नवा सॅडल, नवी चड्डी रेसच्या दिवशी नको. राजगिऱ्याचा लाडू सरावात पचला असेल तर रेसमध्येही पचेल. दर वीस मिनिटांनी काहीतरी तोंडात टाका, भूक लागायची वाट बघू नका.

विमानासाठी त्यांची सायकल मी चार तास बांधत होतो. डिरेलर काढून फोममध्ये, चिमट्यात लाकडी ठोकळा, डब्यात दोन जादा हँगर. कझाकस्तानात आस्तानाला त्यांनी मुदतीच्या आत पूर्ण केलं. मध्यरात्र उलटल्यावर फोन आला. पहिलं वाक्य : ‘दादा, शेवटच्या गिअरला एकदाही आवाज नाही.’

हायवेवरचं शोरूम आता नाही. गोव्याला ज्यांचा हँगर तुटला ते गृहस्थ गेल्या वर्षी सायकल घेऊन आले. गोव्याचं काही बोलले नाहीत, डबीकडं बघितलं मात्र. मी गेज लावला. नवा हँगरही अडीच मिलिमीटर आत होता. सरळ केला, शेवटच्या गिअरला दहा वेळा फिरवून दाखवला. बिल पूर्ण लावलं, त्यांनी पूर्ण दिलं. आता दर दोन महिन्यांनी येतात.