फेब्रुवारीत जा : नागपूर ते वरुड, संत्र्याच्या गावांतून सायकलवर

मागच्या वर्षी नवऱ्याला फ्रान्सचं वेड लागलं होतं. द्राक्षमळ्यांतून जोडीने सायकली हाणायच्या, संध्याकाळी एखाद्या खेड्यात वाइन प्यायची, असले व्हिडिओ तो रात्री बारापर्यंत पाहत बसायचा. व्हिसा आणि विमानाचा आकडा निघाला तसा विषय नाशिकवर आला. तिथूनही घसरत घसरत तो काटोल नाक्यावर येऊन थांबला. म्हटलं, द्राक्षं नाहीत तर नाहीत, संत्री तर आहेत. चार दिवस, तीन मुक्काम : काटोल, नरखेड, वरुड.

आधी महिन्याचं सांगते, कारण सगळं त्यावर आहे. संत्रा म्हटलं की नागपूरकर डिसेंबरात निघतो. तेव्हा आंबिया बहाराची, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत फुललेल्या फळाची तोडणी चालू असते, रस्तोरस्ती ढीग दिसतात, खरं आहे. पण आम्ही गेलो फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात. तेव्हा मृग बहाराची, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडाशी फुललेली फळं झाडावर पिकत आलेली असतात आणि शेजारच्या बागेत, जिने आंबिया धरलाय, तिथे पांढरी फुलं फुटलेली असतात. म्हणजे बांधाच्या एका बाजूला केशरी आणि दुसऱ्या बाजूला पांढरं. आणि वास! कळमेश्वर मागे पडल्यावर एका वळणावर तो असा अंगावर आला की मी ब्रेकच दाबला. मागून नवरा धडकता धडकता वाचला.

पहिला दिवस साठेक किलोमीटरचा. सहाच्या आत निघा. फेटरीपर्यंत शहर पाठ सोडत नाही, आणि आम्ही गेलो तेव्हा रस्त्याच्या काही भागात काम चालू होतं, धूळ आणि डंपर दोन्ही भरपूर. चढ डोळ्याला दिसत नाही, मांड्यांना कळतो. दम असेल तर कळमेश्वरहून धापेवाड्याच्या विठोबाला आणि अदाशाच्या गणपतीला जाऊन या, पण मग काटोल उन्हात गाठावं लागेल. आम्ही नमस्कार लांबूनच केला.

काटोलला लॉजवर दोघांचीही आधार कार्डं लागतात. माझं आडनाव माहेरचंच आहे, त्यामुळे काउंटरवरचा पोरगा जरा घुटमळला. मग त्याने सायकलींकडे पाहिलं आणि म्हणाला, "नवराबायकोच असान जी, नाहीतर इतका तरास कोण घेते!"

दुसऱ्या दिवशी काटोल ते नरखेड. अंतर पंचवीस-तीस किलोमीटरच, पण आम्हाला दिवस पुरला नाही. मोठा रस्ता सोडून पांदणीने आत शिरलं की खरी बाग दिसते. अशाच एका बागेशी आम्ही टेकलो आणि नवऱ्याने सायकल शब्दशः टेकवली, झाडाच्या बुंध्याला. आतून आवाज आला, "ओ भाऊ! काहून टेकवून राहिले तिथं? साल सोलते न!"

राखणदार काका काठी टेकत आले. बुंध्याची साल दुखावली की जखमेतून डिंक्या शिरतो, झाडाला डिंक सुटतो आणि चांगलं धरतं झाड वाळून जातं, हे त्यांनी नवऱ्याला शाळेतल्या पोरासारखं ऐकवलं. म्हणूनच प्रत्येक बुंध्याला कमरेपर्यंत फिकट निळा लेप होता. मोरचूद, कळीचा चुना आणि पाणी, एकास एकास दहा. तो लेप आता आमच्या हँडलबारवरही होता. "बोर्डो म्हणतेत त्याले," काका म्हणाले.

नवरा एकदम ताठ झाला. कारण त्याच्या व्हिडिओंमधलं फ्रान्सच्या द्राक्षमळ्यांचं बोर्डो ते हेच. तिथले मळेवाले येणाऱ्याजाणाऱ्यांनी द्राक्षं चोरू नयेत म्हणून रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद आणि चुना शिंपडत. त्या वेलींवर केवडा रोग पडत नाही, हे मिलार्दे नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या लक्षात आलं आणि 1885 साली त्याने हे औषध जगापुढे मांडलं. म्हणजे फ्रान्स काटोल तालुक्यात येऊन झाडाला चोपडला गेलाय आणि आम्ही व्हिसाचे पैसे मोजत बसलो होतो. नवऱ्याने तो निळा डाग वरुडपर्यंत पुसला नाही.

आता कामाची गोष्ट. फळ विचारल्याशिवाय तोडू नका, हे कुणीही सांगेल. पण शेतकऱ्याला विचारूनही भागत नाही. बहुतेक बागा व्यापाऱ्याला उक्त्या दिलेल्या असतात, म्हणजे झाड शेतकऱ्याचं आणि फळ व्यापाऱ्याचं. शेतकरी स्वतःच्या बागेतलं संत्रं आपल्याला देताना कानकोंडा होतो. काकांनी आम्हाला बुडाशी पडलेली चार लहान फळं दिली. इकडे त्यांना चुरी म्हणतात. बाजारात तिला भाव नाही. चवीला मात्र मी त्या चार दिवसांत खाल्लेलं सगळ्यात चांगलं संत्रं तेच होतं. फुलाच्या बागेत तर शिरूच नका. धक्क्याने फूल झडतं, आणि त्या फुलासाठी माणसाने महिनाभर झाडाचं पाणी तोडून, ताण देऊन जीव मुठीत धरलेला असतो.

पांदणीत बाभळीचे काटे असतात. आम्हाला तीन पंक्चर झाले, तिन्ही माझे. गावात दुकान सापडतं, पण ते मोटरसायकलचं. तुमच्या ट्यूबला प्रेस्टा, म्हणजे बारीक तोंडाचा व्हॉल्व्ह असेल तर त्यांचा पाइप बसत नाही, म्हणून वीस-तीस रुपयांचं पितळी अडॅप्टर आणि दोन जास्तीच्या ट्यूब न्याच. बागेला नुकतं पाणी दिलं असेल तर काळी माती चाकाला अशी बसते की सायकल खांद्यावर घ्यावी लागते. अकरा ते चार सावली धरा. सकाळी स्वेटर लागतो, दुपारी टोपी.

नरखेडच्या मुक्कामाबद्दल सांगण्यासारखं काही नाही. मच्छर होते.

तिसऱ्या दिवशी मोवाड. वर्धा नदी फेब्रुवारीत इतकी मुकाट असते की 30 जुलै 1991 ला हिनेच रातोरात गाव धुऊन नेलं, दोनशेच्या वर माणसं गेली, यावर विश्वास बसत नाही. चहाच्या टपरीवर एक बाई होत्या. आम्ही काही विचारलं नव्हतं. त्यांनीच पलीकडे हात करून सांगितलं, "आमचं घर तिकडं होतं." आम्ही चहा संपवला आणि पूल ओलांडला.

नदीपलीकडे अमरावती जिल्हा लागतो आणि बागा दाट होतात. वरुडला विदर्भाचं कॅलिफोर्निया म्हणायची पद्धत आहे. पाण्याचा विषय काढला की कॅलिफोर्निया मागे पडतो, बोअर किती फुटांवर गेलं हेच आकडे ऐकू येतात. बांगलादेशाने संत्र्यावरचं आयात शुल्क वाढवल्यापासून भावाचं रडगाणं वेगळं. तुम्ही सुट्टीवर आहात म्हणून तो विषय टाळू नका, लोकांना बोलायचं असतं.

चौथ्या दिवशी सकाळी शेंदुरजना घाटला जाऊन या. संत्र्याच्या रोपवाटिकांचं गाव. जंभेरीच्या, म्हणजे रानटी लिंबाच्या खुंटावर संत्र्याचा डोळा भरणाऱ्या बायांचे हात पाहिले आणि मी दोन कलमा घ्यायला निघाले. नवऱ्याने विचारलं, कॅरिअरवर की डोक्यावर?

परतीचं आमचं ठरलं नव्हतं. एसटीच्या टपावर सायकली चढवायला वाहक तयार होईना. मग मंडीत विचारलं. रात्री नागपूरच्या कळमना बाजारात माल घेऊन जाणारे पिकअप असतात. एकाने पाचशे रुपयांत दोघं आणि दोन सायकली घेतल्या. पैसे आधी ठरवा. सायकली कॅरेटच्या वर आडव्या बांधा, खाली नको, फळ दबलं तर वाद होतो. जाड दोर आपला न्या. चालक भाऊ केबिनमध्ये मला "ताई, झोपा जी" म्हणत होते आणि स्वतः जागं राहायला नवऱ्याशी फ्रान्सबद्दल बोलत होते.

कळमन्याला उतरलो तेव्हा पाच वाजले होते, थंडी चांगलीच होती. पहाटेच्या रिकाम्या रस्त्यांनी कस्तुरचंद पार्कपर्यंत आलो आणि तर्री पोहे निघायची वाट बघत बसलो. पोहेवाल्याने सायकली पाहून विचारलं, "कुठून आले जी?" नवरा म्हणाला, "बोर्डोहून." तो म्हणाला, "मग तर्री जास्त घालतो, लांबून आले."